हेतू, जाणीव आणि शिक्षेचे माप

भिलाईच्या एखाद्या वस्तीत दोन शेजाऱ्यांची बाचाबाची होऊन एकाच्या डोक्यात लाठी बसली आणि तो दगावला, म्हणजे लोकांच्या लेखी तो खूनच. परंतु मुकदमा दुर्गच्या सत्र न्यायालयात उभा राहिला, की विचार मृत्यूपेक्षा मारणाऱ्याच्या मनाचाच अधिक होतो. जीव घेण्याचा हेतू असूनही वार पूर्वयोजनेवाचून, ऐन भांडणाच्या भरात झाला असेल, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरे आणि भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४ च्या पहिल्या भागान्वये जन्मठेप अथवा दहा वर्षांपर्यंत कारावास होई. आणि आपल्या कृत्याने जीव जाण्याचा संभव आहे एवढी जाणीवच केवळ सिद्ध झाली, तर दुसऱ्या भागान्वये कमाल दहा वर्षे, अथवा नुसता दंडही. किमान मर्यादा कोठेच नव्हती.

ही मोकळीक किती मोठी, हे मुंबईच्या अ‍ॅलिस्टर परेरा खटल्यात दिसले. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर निजलेल्या मजुरांवर मोटार जाऊन सात जण ठार झाले. सत्र न्यायालयाने ती निव्वळ हयगय मानून सहा महिन्यांची कैद आणि पाच लाखांचा दंड फर्मावला, तर उच्च न्यायालयाने, मद्यपान करून बेफाम मोटार हाकणाऱ्यास परिणामाची जाणीव असलीच पाहिजे, असे ठरवून कैद तीन वर्षांवर नेली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा फारच तोकडी असल्याचे स्पष्ट नमूद केले, पण वाढवली नाही. कारण वाढीसाठी सरकारने अपीलच केले नव्हते! सात जिवांच्या हिशेबात सरकारी कचेरीची ही स्वस्थता मला न्यायाधीशांच्या सौम्यतेहून अधिक खटकते.

दोषसिद्धीनंतर शिक्षेपुरते आरोपीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकून घेण्याची तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने केली. वय, पूर्वचारित्र्य, पदरी असलेली लेकरे हे सारे तेव्हा पुढे येते. त्यातील कशाला किती वजन द्यावे, याची मार्गदर्शक तत्त्वे इंग्लंडात मनुष्यवधापुरती २०१८ मध्ये आली. आपल्याकडे फौजदारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणेसाठी नेमलेल्या मळिमठ समितीने २००३ मध्येच तशी शिफारस केली होती, ती दप्तरातच राहिली.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०५ ने पहिल्या भागात कारावासाची किमान मुदत पाच वर्षे केली आणि दुसऱ्या भागात कारावासासह दंड अनिवार्य केला, पण तेथे किमान मुदत अद्यापि नाही. तेव्हा दुर्गच्या त्या लाठीची शिक्षा किती, हे न्यायाधीशांच्या विवेकावर, आणि ती अपुरी वाटल्यास बिलासपूरच्या उच्च न्यायालयात अपील नेण्याच्या सरकारच्या तत्परतेवर अवलंबून राहील.