सहकुटुंब, सहपरिवार

लग्नपत्रिकेत 'सहकुटुंब, सहपरिवार' येण्याचा आग्रह असतो. चित्रपटाला जाताना एके काळी तो आग्रह कोणाला करावाच लागत नसे. सगळे घर आपोआप निघे. आता घरात माणसे चार आणि पडदे पाच. आजोबांचे कीर्तन दिवाणखान्यात, चिरंजीवांचा क्रिकेटचा सामना मोबाइलवर, आणि कन्यारत्न कानांत बोंडे घालून कोणत्या देशात वावरत असते ते तिचे तिलाच ठाऊक! दिवाळीत मात्र सगळी मंडळी एका खोलीत जमतात, चकल्यांचा डबा मध्ये येतो आणि प्रश्न पडतो, मिळून पाहावे तरी काय?

अशा वेळी कोणीतरी हटकून हृषिकेश मुखर्जींचे नाव काढते. "त्यांचे लावा, वावगे काही नसते." ही शिफारस मला नेहमीच अपुरी वाटते. वावगे काही नसणे हा पथ्याच्या भाताचाही गुण आहे. म्हणून दिवाळीच्या पानात तो कोणी वाढत नाही. तेव्हा हे चित्रपट निरुपद्रवी आहेत की नाहीत, हा प्रश्नच नव्हे. पाहण्याजोगे आहेत का, एवढेच पाहायचे.

हृषीदा, म्हणजे चित्रसृष्टीने त्यांना दिलेल्या नावानेच बोलायचे तर, मूळचे कलकत्त्याचे. रसायनशास्त्राचे पदवीधर, पण रमले ते संकलनाच्या टेबलाशी. बिमल रॉय यांच्याबरोबर ते मुंबईला आले आणि १९५३च्या 'दो बीघा जमीन'चे संकलन त्यांनी केले. १९५७ साली 'मुसाफिर' हा पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. त्याचा खरा नायक आहे एक भाड्याचे घर! एकामागून एक तीन कुटुंबे तिथे राहून जातात. पुढच्या चाळीस वर्षांत माणसे बदलली, कथा बदलल्या, पण हृषीदांच्या कॅमेऱ्याने घराचा उंबरठा फारसा ओलांडला नाही.

आणि घर म्हटले की कुरबूर आलीच. १९७२च्या 'बावर्ची'तल्या घराचे नाव 'शांतिनिवास', आणि तिथे नाही ती नेमकी शांतीच. स्वयंपाकी टिकत नाही, जावांचे पटत नाही, आणि पोरकी कृष्णा मुकाट्याने राबत असते. मग रघू नावाचा स्वयंपाकी येतो आणि लाटण्या-झाऱ्याबरोबर सगळ्यांचे स्वभावही ठिकाणावर आणतो. चित्रपट गोड आहे, पण माझी एक तक्रार आहे. घरकाम कोणी करायचे हे भांडण रघूने मिटवायचे, तर ज्या घरी रघू येत नाही त्या घराने काय करावे?

'खूबसूरत' (१९८०) याहून पुढे जातो. सासुरवाशीण बहिणीकडे आलेली मंजू त्या घरातल्या शिस्तीची यथेच्छ टिंगल करते. गच्चीवर घरच्यांचे नाटक रंगते आणि त्यात निर्मलाबाईंच्या कारभाराला चक्क हुकूमशाही ठरवले जाते. आपण पोट धरून हसत असतो, आणि अचानक दिसते की निर्मलाबाई स्वतःच ते पाहत उभ्या आहेत. दीना पाठक यांचा तो चेहरा पाहिला की हसू ओठांवरच राहते. आमच्याकडे हा प्रसंग आला की माझ्या सासूबाई आणि माझी मुलगी, दोघीही गप्प होतात. का, ते मी अजून विचारलेले नाही.

सर्वांत लाडका अर्थात 'गोलमाल' (१९७९). मिशीवाचून माणसाला चारित्र्य नाही असे मानणारे भवानीशंकर, आणि हॉकीचा सामना पाहताना पकडला गेल्यावर बिनमिशीचा जुळा भाऊ निर्माण करणारा रामप्रसाद! उत्पल दत्त आणि अमोल पालेकर यांची ही जुगलबंदी कितीदा पाहावी! पण एक विचार करा. मुलांना आपण शिकवतो, खोटे बोलू नये. आणि इथे तर एका खोट्यावर नोकरी, दुसऱ्यावर सुटका आणि शेवटी बायकोसुद्धा मिळते!

म्हणून मी म्हणते, 'गोलमाल' दाखवणाऱ्या घराने आज ना उद्या 'सत्यकाम'ही (१९६९) पाहावा. तिकीटखिडकीवर तो चालला नाही. छांदोग्य उपनिषदातल्या सत्यकाम जाबालाचे नाव सार्थ करणारी ही कथा. धर्मेंद्र यांनी उभा केलेला इंजिनिअर सत्यप्रिय खोट्या कागदावर सही करत नाही, म्हणून त्याच्या नोकऱ्या जातात, घर फाटके राहते. मरताना बायको-मुलाच्या काळजीने तो एक सही करतो, तर बायकोच तो कागद फाडून टाकते! आणि जे मूल त्याच्या रक्ताचे नाही, ते मूल शेवटी चारचौघांत निर्भयपणे सत्य सांगते. खऱ्याची किंमत काय पडते आणि ती कोण कोण भरते, हे मला तरी हिंदी पडद्यावर इतक्या सरळपणे क्वचितच दिसले आहे.

पतिपत्नींनी मात्र 'अभिमान' (१९७३) पाहावा, मुले झोपल्यावर. गायक सुबीर स्वतःच उमाला गायला लावतो आणि ती आपल्याहून पुढे गेल्यावर मनातून जळू लागतो. शेवटी दोघे एकत्र गातात, डोळे भरून येतात. तरीही मला वाटते, चूक त्याची आणि दुःख मात्र तिच्या वाट्याला जास्त आले. हे म्हटल्यावर आमच्या घरी तासभर वाद झाला, आणि तो वाद चित्रपटाइतकाच रंगला.

तर पाहावेत का हे चित्रपट? जरूर पाहावेत. लहानांसाठी 'गुड्डी' आणि 'गोलमाल', सर्वांसाठी 'आनंद', कारण मरणावरचा असूनही तो मुलांना भिववीत नाही. शिवाय त्यात आपले रमेश देव-सीमा आहेत आणि ललिता पवारही. ते सोज्वळ आहेत म्हणून नव्हे, तर आजी आणि नात यांना एकाच विनोदावर हसवून दोघींनाही चिमटा काढतात म्हणून.

आणि हो, 'बावर्ची' लावलात तर चित्रपट संपल्यावर चकल्यांच्या ताटल्या कोण उचलते, तेवढे मात्र नीट पाहून ठेवा.