मसूरची तहान आणि आपल्या वस्तीचा नळ

१९०१ सालचा उन्हाळा. साताऱ्याहून चार मुले नवे कपडे घालून आगगाडीने मसूरला उतरली. त्यांना खटाव तालुक्यातील गोरेगावला जायचे होते. दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला काढला होता आणि सुभेदार रामजी तिथे रोखपाल होते. मुलांची जात कळताच एकही गाडीवान गाडी जोडीना. अखेर दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला. पण गाडी मुलांनीच हाकायची, तो पायी चालणार. वाटेत मुले जेवायला बसली, तर ओढ्याचे पाणी शेणामुताने घाण झालेले. वासानेच घोट उतरेना. डबा अर्धवट टाकून ती उठली. पुढे टोलनाक्यावरही पाणी मिळाले नाही. त्या चार मुलांतला एक भीमराव होता. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

२० मार्च १९२७ रोजी त्याच भीमरावाने महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. सनातन्यांनी तळे 'बाटले' म्हणून त्यात शेण, गोमूत्र ओतून ते 'शुद्ध' केले. माणसाच्या ओंजळीने पाणी विटाळते आणि शेणाने शुद्ध होते, असा तो न्याय! १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात आपली बाजू जिंकली.

बंधू-भगिनींनो, पाण्यापर्यंत पोहोचण्याचा हक्क बाबासाहेबांनी मिळवून दिला. ते पाणी पिण्याजोगे राखणे हे आपले काम.

साताऱ्याला कासच्या तलावाचे पाणी येते. तलाव शहराच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर, उंचावर आहे. पाणी उताराने वाहत येते. २०१२ साली कास पठार जागतिक वारसा यादीत गेले आणि पर्यटकांची रीघ लागली. मागे राहतात बाटल्या, पत्रावळ्या, प्लॅस्टिक. भोवतालच्या गावांच्या समित्या हंगामात शुल्क घेऊन पठाराची राखण करतात, तरुण मंडळे कचरा वेचतात. साताऱ्यातूनच काम उभे केलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने 'विसर्जित मूर्ती दान करा' ही मोहीम वर्षानुवर्षे चालवली. तिचा हेतू हाच की नदी-तळ्यात प्लास्टर आणि रंग जाऊ नयेत.

सांगलीचे दुखणे वेगळे. शहर पिते कृष्णेचे पाणी आणि शेरीनाल्याचे सांडपाणी जाते त्याच कृष्णेत. ते धुळगावकडे नेऊन, शुद्ध करून शेतीला देण्याची योजना झाली, तरी नाला नदीला मिळण्याच्या तक्रारी थांबल्या नाहीत. नागरिक पुन्हा पुन्हा आवाज उठवत आले आहेत. २०१४ च्या अखेरीस मिरजेत गॅस्ट्रोची साथ आली, ती विसरता येणार नाही.

साथ पहिल्यांदा कुठे शिरते? जिथे नळाची पाइप गटारातून गेलेली असते तिथे. पाणी बंद झाले की पाइपमधला दाब जातो आणि फुटक्या जागेतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी तेच आपल्या हंड्यात येते. अशी पाइप बहुधा गरिबाच्या वस्तीतच असते, हा योगायोग समजू नका.

म्हणून या आठवड्यात एवढे करा. नळ आल्यावर पहिले पाणी हंड्यात घेऊ नका. पिण्याचा हंडा झाकून ठेवा, ओगराळ्याने पाणी काढा. गढूळ पाणी गाळून, खळखळून उकळून घ्या. टाकी कधी धुतली, त्याची तारीख ग्रामपंचायतीला किंवा पालिकेला विचारा. जलसुरक्षकाला आपल्या वस्तीच्या शेवटच्या नळावर ओटी चाचणी करायला सांगा: थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन पोहोचले, रंग बदलला नाही तर पाण्यात क्लोरीन नाही. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच महिलांना पाणी तपासणी शिकवण्याची तरतूद आहे. त्यात आपली एक तरी भगिनी असावी.

रविवारी विहारात वंदना झाली की दहा मिनिटे या विषयाला द्या. गटारातल्या पाइपांची यादी करा, सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज द्या आणि त्याची पोच जपून ठेवा. त्या रात्री मसूरच्या वाटेवर चार मुले तहानलेली राहिली. आपल्या वस्तीतले एकही लेकरू घाण पाण्याने आजारी पडू नये.

जय भीम!