पर्ल भाषेतील नामक्षेत्रे व चलांची निर्यात

बिलासपूर नावाचे एक शहर छत्तीसगडात आहे आणि दुसरे हिमाचल प्रदेशात. पाकिटावर नुसते ‘बिलासपूर’ लिहिले, तर ते कोठे धाडावयाचे? राज्याचे नाव जोडले की घोटाळा मिटतो. संगणकाच्या आज्ञावलींतही हाच प्रश्न उद्भवतो. दोन लेखकांनी स्वतंत्रपणे लिहिलेले भाग एकत्र जोडले असता, दोघांनीही ‘गुणक’ हेच नाव निरनिराळ्या अर्थांनी वापरलेले असणे अगदी संभवनीय असते.

लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या पर्ल भाषेत यावर ‘पॅकेज’ ही योजना आहे. प्रत्येक पॅकेज म्हणजे नावांचे एक स्वतंत्र क्षेत्र होय. त्याची स्वतःची नोंदवही असते. पॅकेजचे नाव, पुढे दोनदा अपूर्णविराम आणि शेवटी चलाचे नाव, असा पूर्ण पत्ता लिहिला की संदेह उरत नाही. १९९४ च्या पाचव्या आवृत्तीपूर्वी अपूर्णविरामांच्या जागी एकेरी अवतरणचिन्ह लिहीत. इंग्रजीत तेच चिन्ह षष्ठी दर्शविते. त्यामुळे ‘अमक्याचे घर’ अशा साध्या इंग्रजी वाक्यात चलाचे नाव गुंफले की पर्ल भलत्याच पॅकेजच्या शोधास निघे!

दरवेळी पूर्ण पत्ता लिहिणे कंटाळवाणे, म्हणून निर्यातीची सोय आली. ‘एक्स्पोर्टर’ हे मॉड्यूल एका पॅकेजमधील नाव दुसऱ्याच्या नोंदवहीत चढविते. येथे चलाची प्रत होत नाही, हे नीट ध्यानात घ्यावे. पेटी एकच राहते, तिला दुसऱ्या घरातूनही दार फुटते. एकाने आतील मूल्य बदलले की दुसऱ्यासही ते बदललेलेच दिसते.

आता एक उदाहरण घेऊ. पावसाच्या जुन्या नोंदी इंचांत आहेत व त्या मिलिमीटरमध्ये आणावयाच्या आहेत. ‘पर्जन्य’ या मॉड्यूलात गुणक २५.४ ठरविला, तो ‘माय’ या शब्दाने घोषित केला आणि निर्यातीच्या यादीत त्याचे नाव घातले. मुख्य आज्ञावलीने तो मागून घेतला व २ इंचांस त्याने गुणिले. उत्तर ५०.८ यावयास हवे, येते शून्य.

याचे कारण असे की, ‘माय’ने घोषित केलेला चल पॅकेजच्या नोंदवहीत मुळी चढतच नाही, तो त्या फाइलीपुरता खाजगी असतो. एक्स्पोर्टर नोंदवहीत पाहतो, तेथे त्याच नावाची दुसरी, रिकामी पेटी त्यास मिळते, आणि तो तीच निमूटपणे पाठवितो. गुणाकारात रिकामे मूल्य शून्य धरले जाते. ‘स्ट्रिक्ट’ची कडक शिस्त लावली असली तरी ती हरकत घेत नाही, कारण आयात केलेले नाव तिच्या दृष्टीने रीतसर असते. ‘वॉर्निंग्ज’ची आज्ञा दिली असेल तर मूल्यहीन चल वापरल्याची सूचना तेवढी मिळते. आज्ञावली मध्येच बंद पडली असती तर बरे. येथे ती साऱ्या वर्षाचा पाऊस शून्य दाखवून सुरळीत संपते.

उपाय सोपा आहे. ‘माय’ऐवजी ‘अवर’ लिहावे. हा शब्द २००० सालच्या ५.६ आवृत्तीत आला. निर्यातीच्या याद्याही ‘अवर’नेच घोषित कराव्यात, अन्यथा एक्स्पोर्टरला त्या दिसणारच नाहीत. शंका आल्यास चलाचे मूल्य पूर्ण पत्त्याने छापून पाहावे. ते बरोबर आले तर दोष निर्यातीत; रिकामे आले तर बहुधा घोषणेत. तथापि चल निर्यात करूच नये, मूल्य सांगणारे एखादे फलन द्यावे, हे अधिक शहाणपणाचे. दूरच्या फाइलीतून कोणी गुणक बदलला, तर तो शोधणार कोण?

दोन मॉड्यूले परस्परांस बोलावू लागली की निराळीच अडचण येते. ‘यूज’ ही आज्ञा फाइलीचे वाचन चालू असतानाच अमलात येते. यादी भरण्याचे साधे विधान मात्र नंतर, प्रत्यक्ष कार्याच्या वेळी. पहिले मॉड्यूल दुसऱ्यास बोलावते, दुसरे उलट पहिल्याकडे नावे मागते, आणि त्या क्षणी पहिल्याची यादी कोरी असते. अशा वेळी यादी ‘बिगिन’ खंडात, दुसऱ्यास बोलावण्यापूर्वी भरावी. किंवा दोघांस लागणारा भाग तिसऱ्याच मॉड्यूलात हलवावा.