मध गेला, मेण राहिले

कोकणात आग्यामोहोळ उतरले, की चौकशी होते ती मधाची. म्हसळ्याच्या डोंगररानातही जुनी रीत हीच: पोळे पिळायचे आणि मध गाळून घ्यायचा. उरलेल्या चोथ्याला कोणी फारसे विचारत नाही.

खरे गिऱ्हाईक त्या चोथ्यातल्या मेणाला आहे. लिपस्टिक त्याच्यामुळे उभी राहते, औषधाच्या गोळीला त्याची चकाकी चढते, चांभाराचा दोरा त्याच्यामुळे चिवट होतो. ओतारी आधी मेणाची मूर्ती घडवतो, तिच्यावर मातीचा साचा चढवतो आणि मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओततो. १८९२ साली लंडनचे शल्यविशारद व्हिक्टर हॉर्सली यांनी कापलेल्या हाडातले रक्त थांबवायला मेणाचे मिश्रण वापरले. तसले मेण आजही शस्त्रक्रियेत लागते. हे सगळे साधते, कारण मेण पाण्याला दाद देत नाही, हाताच्या उबेने मऊ होते आणि ६२ ते ६५ अंशांपर्यंत वितळत नाही.

सर्वांत मजेशीर गिऱ्हाईक मात्र खुद्द माशी. तिला मेण परत मिळते ते मेणपत्र्याच्या रूपात. मेणपत्रा पाडायचे यंत्र म्हणजे षट्कोनी नक्षी कोरलेले दोन रूळ. ते साबणाच्या पाण्याने ओले ठेवायचे, नाहीतर मेण चिकटून बसते. कोमट पट्टी एका बाजूने सरकवली, की दुसऱ्या बाजूने घरांचा पाया उमटलेला पातळ पत्रा बाहेर येतो. तो चौकटीत ताणून पेटीत ठेवला, की माश्या त्यावर भिंती चढवतात. किलोभर मेण तयार करायला त्यांना सहा-आठ किलो मध खावा लागतो. पत्रा दिला की त्यातला बराचसा वाचतो. पत्र्यात पॅराफिन मिसळले असेल, तर उन्हाळ्यात तो पेटीतच लोंबतो.

अडचण पुढेच आहे. पेटीत पाळतात त्या सातेरी माश्यांचा मध यंत्रात फिरवून काढतात आणि पोळे परत माश्यांना देतात. म्हणजे पेटीपालन जितके नेटके, तितके मेण कमी. हाती येतात ती फक्त घरांवरची कापलेली झाकणे. देशातले बहुतेक मेण म्हणूनच आग्याच्या पोळ्यांतून येते, आणि आग्या काही पेटीत नांदत नाही. सबंध पोळे कापले तर पिलावाही, म्हणजे अंडी-अळ्यांचा भागही, जातो.

वर्ध्याचे सेंटर फॉर बी डेव्हलपमेंट मध काढणाऱ्यांना फक्त मधाचा भाग कापायला शिकवते. त्याने वसाहत वाचते, मेण मात्र घटते. हंगाम सरल्यावर आग्या पोळे सोडून दुसरीकडे जातो, तेव्हा ते रिकामे पोळे कोणाचेही नुकसान न करता काढता येते. पण तिथे मेणकिड्याशी शर्यत असते. त्याच्या अळ्या राखण नसलेले पोळे पोखरतात आणि थोड्याच आठवड्यांत जाळी नि भुसा उरतो. म्हणून पोळे सुटले की लगेच उतरवून वितळवावे लागते, आणि लोखंडी भांडे टाळावे लागते. त्यात मेण काळवंडते आणि भाव पडतो.