चार वाजताची भूक

चार वाजता कॉलेजातून परतलो, की माझा हात सरळ शेवेच्या डब्यात जाई. वडिलांना मधुमेह होता. गेल्या वर्षी डॉक्टरांनी मलाही सावध केले. झाले! मधले खाणेच बंद करून टाकले. चार दिवस निभावले. पण रात्री दोन पोळ्या जादा जाऊ लागल्या आणि मुलांवर विनाकारण डाफरलो ते निराळेच.

अखेर हिनेच उपाय काढला. बशीत मूठभर फुटाणे, काकडीच्या फोडी आणि शेजारी पेलाभर लोणी काढलेले ताक. यातले मर्म साधे आहे. एक ग्रॅम तेलातुपातून ९ उष्मांक मिळतात, प्रथिनांतून अवघे ४. काकडीत तर शंभरात ९५ भाग पाणीच! फुटाण्यांतली प्रथिने नि चोथा पोटाला बराच वेळ आधार देतात. शिवाय ते सावकाश चावावे लागतात, तेवढ्यात जीवही शांत होतो.

दिवाळीत चकली मी खाणारच. पण एकच, आणि तीही जेवणाबरोबर. चार वाजता मात्र बशी फुटाण्यांची. वाचकहो, भूक मारू नका. तिची समजूत घाला!