शोकाचे खांदेकरी

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. नेहमीप्रमाणे आलेल्या एस.टी.च्या चालकाला जागेवर गावच दिसले नाही. १५१ माणसे दगावली. पुढे २०१७ मध्ये आमडे येथे नवी घरे उभी राहिली. घर, रस्ता, भरपाई यांची तरतूद शासकीय जमाखर्चात करता येते. ज्याच्या घरात रडावयासही कोणी उरले नाही, त्याच्या शोकासाठी तेथे रकाना नसतो.

याच पुणे जिल्ह्यात, दौंडकडील केडगाव येथे, असाच सर्वनाश सोसलेल्या एका स्त्रीने शतकापूर्वी आयुष्य वेचले. माळीणकरांची श्रद्धा निराळी. निराधारपणा मात्र तोच. पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरावर वाद उदंड झाले, त्यांच्या शोकाकडे मात्र क्वचितच कोणी पाहिले.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण थोड्याच काळात गेली. आईच्या तिरडीला खांदेकरी मिळेनात. अखेर दोघा ब्राह्मणांना दया आली. तिसरा भाऊ आणि चौथी रमा. उंची कमी पडल्याने तिने तो भार डोक्यावर घेतला. दुष्काळाच्या इतिहासात धान्याचे भाव नोंदलेले आढळतात. खांदेकऱ्यांचा हा तुटवडा आढळत नाही! १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी. पदरी वर्षाचीही न झालेली मनोरमा.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एवढ्याने दुःख निवले, असे मानणे भाबडेपणाचे होईल. धर्म स्वीकारला तरी ख्रिस्त गवसण्यास आणखी आठ वर्षे लागली, अशी कबुली त्यांनीच दिली आहे. श्रद्धा ही शोकावरील गुंगीचे औषध होय, असे म्हणणाऱ्यांनी ही आठ वर्षे विचारात घ्यावीत.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि उपाशी, अनाथ मुलींना घेऊन आल्या. स्वतःची उपासमार त्या विसरल्या नव्हत्या. केडगावच्या मुक्तिसदनात या मुलींना अन्न आणि विद्या मिळाली. शेती, विणकाम, छपाई असे उद्योगही त्या शिकल्या.

१९२१ मध्ये एकुलती मनोरमाही गेली. केडगावी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सुरू होते. रमाबाई त्या कामाकडे परतल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या.