जुनं युनिक्स, वेगवान कॅमेरा: अडतं नेमकं कुठे?

एखाद्या प्रयोगशाळेत सिलिकॉन ग्राफिक्सचा ओ-टू किंवा सनचा अल्ट्रा अजून ठणठणीत चालू असतो. त्यावर बसवलेला मोजमापाचा प्रोग्राम कुणाला बदलायचा नसतो आणि मग हायस्पीड कॅमेरा त्यालाच जोडायची टूम निघते. पहिला आक्षेप ठरलेला: ‘एवढ्या जुन्या प्रोसेसरला व्हिडिओ झेपणार नाही.’

हा आक्षेप चुकीच्या जागी बोट ठेवतो. सिलिकॉन ग्राफिक्सच्या १९९३ च्या इंडीसोबत डिजिटल कॅमेराच येत असे. १९९६ च्या ओ-टूमध्ये जेपीईजी पद्धतीने चित्र दाबण्यासाठी स्वतंत्र हार्डवेअर होतं. शिवाय कॅप्चर कार्ड डीएमए वापरून थेट मेमरीत लिहितं. एकेक बाइट उचलायचं काम प्रोसेसरकडे नसतंच. अडतं ते बसवर आणि डिस्कवर, म्हणून आधी गुणाकार करून बघावा. पाल पद्धतीच्या साध्या टीव्ही-चित्रात ७२० × ५७६ पिक्सेल असतात. पिक्सेलला २ बाइट आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, की सुमारे २०.७ मेगाबाइट होतात. सेकंदाला ४० मेगाबाइटची वाइड अल्ट्रा स्कझी आणि दोन-तीन डिस्कवर वाटून लिहिण्याची सोय असेल, तर हे त्या काळच्या यंत्राला जमतं.

हायस्पीड कॅमेऱ्याचा हिशेब मात्र निराळा. १०२४ × १०२४ पिक्सेल, पिक्सेलला १ बाइट, सेकंदाला १००० फ्रेम, म्हणजे सेकंदाला १ गिगाबाइटहून अधिक. ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झच्या पीसीआय बसची कागदावरची कमाल सेकंदाला १३३ मेगाबाइट आहे. तरीही ‘कॅमेरा लावला की चित्रण थेट कॉम्प्युटरवर उतरतं’ ही समजूत काही सुटत नाही.

असे बहुतेक कॅमेरे आधी स्वतःच्याच मेमरीत चित्रण साठवतात. ही मेमरी गोल फिरत राहते: भरली की सर्वांत जुनी फ्रेम पुसून नवी लिहिली जाते. ट्रिगर मिळाला की लेखन थांबतं, त्यामुळे काच फुटायच्या आधीचा क्षणही हाती राहतो. वरच्या हिशेबाने ४ जीबी मेमरीत जेमतेम चार सेकंदांचं चित्रण मावतं. पुढे ते सावकाश उतरवून घ्यायचं. १०० मेगाबिटच्या इथरनेटवर त्याला पाच मिनिटांहून जास्त लागतात, गिगाबिटवर पाऊण मिनिटाच्या आसपास. चार सेकंदांसाठी पाच मिनिटं थांबायची तयारी असेल, तर जुनं यंत्र इथे बाद होत नाही.

‘बसचा वेग १३३, म्हणजे तेवढा मिळणारच’ हाही भ्रम. बस सगळ्यांची मिळून एकच असते. डिस्कचा कंट्रोलर त्याच पीसीआयवर असला, तर प्रत्येक बाइट तिच्यावरून दोनदा जातो: कार्डाकडून मेमरीत, मेमरीतून डिस्ककडे. १३३ चे निम्मे कागदावरच उडाले. कॅमेरा लिंक या जोडणीची मूळ ‘बेस’ पायरीसुद्धा सेकंदाला २५५ मेगाबाइटची आहे. त्या जातीचं कार्ड अशा खाचेत घालून पूर्ण वेगाची अपेक्षा ठेवणं व्यर्थ.

आता कार्डाबद्दल. ‘खाचेत बसलं म्हणजे चालेल’ असं समजून लोक पैसे घालवतात. ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं असो की परदेशातून मागवलेलं, खोक्यावर ‘युनिक्स’ लिहिलं असेल तर कुठलं युनिक्स, ते विचारावं. इंटेलवरच्या लिनक्सचा तयार ड्रायव्हर सनच्या स्पार्क प्रोसेसरवरच्या सोलारिसला किंवा सिलिकॉन ग्राफिक्सच्या मिप्स प्रोसेसरवरच्या आयरिक्सला कवडीच्या उपयोगाचा नाही. ३.३ आणि ५ व्होल्टच्या कार्डांच्या खाचा वेगळ्या असतात, तेही तपासावं. पीसीआय एक्सप्रेस कार्ड तर जुन्या खाचेत शिरतच नाही.

समजा, सोर्स मिळाला आणि ड्रायव्हर बांधला. मग बाइटचा क्रम आडवा येतो. स्पार्कवरचं सोलारिस आणि मिप्सवरचं आयरिक्स संख्येचा मोठा बाइट आधी ठेवतात, इंटेल लहान. १२ बिटांचं करडं चित्र १६ बिटांच्या घरात ठेवलेलं असताना बाइट उलटले, की चित्रावर नकाशातल्या समोच्च रेषांसारखे पट्टे दिसतात आणि माणूस केबल बदलत बसतो. केबल ठीक असते.

ट्रिगर प्रोग्राममधून देऊ नये. जुन्या युनिक्सचं घड्याळ बहुधा १० मिलिसेकंदांनी टिकटिकतं. सेकंदाला १००० फ्रेम असतील, तर तेवढ्यात दहा फ्रेम निघून गेलेल्या असतात. ट्रिगरची तार सेन्सरपासून थेट कॅमेऱ्यालाच जोडावी.

फाइलच्या आकाराची चूक चित्रण चालू झाल्यावरच कळते. ‘डिस्क मोठी आहे, भीती नाही’ असं म्हणणाऱ्याने फाइलची मर्यादा पाहिलेली नसते. जिथे ती २ जीबी आहे, तिथे वरचं साधं टीव्ही-चित्रण पावणेदोन मिनिटांत भिंतीला टेकतं. सोलारिसमध्ये मोठ्या फाइली २.६ या आवृत्तीपासून आल्या. आयरिक्सची एक्सएफएस ही फाइल सिस्टिम या बाबतीत सरस: १९९४ पासून ६४ बिटांची, शिवाय ठरावीक वेगाने लिहू देण्याची हमी मागण्याची सोय. मधल्या कॅशला वळसा घालून डिस्कवर थेट लिहिण्याची जी सोय आज लिनक्समध्ये वापरतात, तीही आधी आयरिक्समध्येच आली.

माझं मत विचाराल, तर कॅप्चर कार्ड जुन्या यंत्रात घालूच नये. ते एखाद्या नव्या, साध्या पीसीत बसवावं आणि फाइली एनएफएसने जुन्या युनिक्सला दाखवाव्यात. मोजमापाचा प्रोग्राम जिथे आहे तिथेच राहतो आणि वेगाचं ओझं पीसीवर जातं. फक्त एनएफएसची १९९५ ची तिसरी आवृत्ती दोन्हीकडे चालू आहे ना, हे पाहून घ्या. दुसऱ्या आवृत्तीत २ जीबीपलीकडची फाइल पोचतच नाही.